भूपालअण्णांचा तुकडा

माझ्याकडं माणसं येत नसत, त्यांचे तुकडे येत. कुणाचं पित्ताशय, कुणाची मानेतली गाठ, कुणाच्या जिभेच्या कडेचा हरभऱ्याएवढा कण. कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका औषधाच्या दुकानावर माझी लॅब होती. जिना चढून येणाऱ्यांतले निम्मे लोक रक्त-लघवी तपासायला आलेले असत. खालच्या पाटीवरचा हिस्टोपॅथॉलॉजी हा शब्द कुणी वाचत नसे, आणि वाचला तरी त्याचा उपयोग नव्हता. "उपाशीपोटी आलोय मॅडम, घ्या रक्त," असं म्हणत बाही वर करणाऱ्यांना मी कितीदा शेजारच्या लॅबचा रस्ता दाखवलाय. तिथले डॉक्टर त्याबद्दल मला दर दिवाळीला न चुकता फराळाचा डबा पाठवायचे.

काम काय होतं ते सांगते. सर्जननं काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या, म्हणजे मांस नासू न देणाऱ्या औषधाच्या, बाटलीत बुडवून माझ्याकडं यायचा. तो मुरला की त्यातलं पाणी काढून टाकायचं, वितळलेलं मेण जिरवायचं आणि तुकड्यासकट मेणाची छोटी वडी पाडायची. तिला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर चिकटवायचे, जांभळा-गुलाबी रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपला डोळे लावून बसायचं. गाठ साधी की कॅन्सरची, कॅन्सरची असेल तर कितपत दांडगी आणि किती खोल गेलेली, हे लिहून सही करायची. माझ्या सहीवर लोकांची आतडी निघाली, स्तन निघाले, आणि त्यांतल्या बहुतेकांना मी रस्त्यात ओळखलंही नसतं. हा अलिप्तपणा माझा मूळचा स्वभाव की धंद्यानं लावलेली सवय, हे मला निवृत्त झाल्यावरही ठरवता आलेलं नाही. घरचे म्हणतात, स्वभाव.

तुकडा फॉर्मॅलिनमध्येच यायला हवा, हे मी तालुक्याच्या दवाखान्यांना आयुष्यभर सांगत आले. तरी तो मधाच्या बाटलीत आला, साध्या पाण्यात आला, एकदा तर चक्क मिठात आला. आणणाऱ्या गृहस्थांनी अभिमानानं सांगितलं, "नासू ने म्हणून मी सोताच मीठ लावलंय बगा." लोणच्याच्या कैरीला लावावं तसं सगळीकडून नीट चोळलेलं होतं. त्या तुकड्यातलं मला काही वाचता आलं नाही.

आणखी एक जमात म्हणजे रिपोर्ट बदलून मागणाऱ्यांची. एका तालमीचे वस्ताद त्यांच्या पैलवानाच्या मांडीतल्या गाठीचा रिपोर्ट न्यायला आले होते. रिपोर्ट वाईट होता. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून पुन्हा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, जरा बरा लिवा की. पोराचं लगीन ठरलंय."

मी म्हटलं, "मी काय करणार? ते त्या गाठीला सांगा."

"गाठ तुमच्याकडंच हाय की," वस्ताद म्हणाले.

या सगळ्यात मूत्राशयाच्या कॅन्सरनं मला जेवढं नमवलं तेवढं दुसऱ्या कुठल्या रोगानं नाही. मूत्राशयाची भिंत तीन थरांची समजा. आतून पातळ अस्तर, मग एक मऊ थर, मग स्नायू. अस्तरातच उगवलेली गाठ लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून खरवडून काढता येते. स्नायूत शिरलेली असेल तर बहुतेक वेळा सगळं मूत्राशयच काढावं लागतं. खरी डोकेदुखी मधल्या थरापर्यंत पोचलेल्या गाठीची. ती तिथंच थांबेल की पुढं जाईल, हे मायक्रोस्कोप सांगत नाही. मायक्रोस्कोप आज काय आहे ते दाखवतो, आणि लोकांना उद्याचं हवं असतं.

पेठ वडगावचे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर होते. आयुष्यभर बिड्या ओढलेल्या, आणि बिडी-सिगारेटवाल्यांना हा रोग जास्त होतो. त्यांची गाठ शेतातल्या हरळीसारखी, काढली की पुन्हा उगवायची. दर खेपेला रिपोर्ट न्यायला ते स्वतः यायचे आणि जिन्यातूनच विचारायचे, "आलं का पीक, मॅडम?" आलेलं असायचं. अशी वर्षानुवर्षं गेली, माणूस टुणटुणीत. त्याच सुमाराला एका प्राथमिक शिक्षिकेची गाठ माझ्याकडं आली. बाईंनी तंबाखूला कधी बोटही लावलेलं नव्हतं. स्लाइड ड्रायव्हरसाहेबांच्या स्लाइडसारखी तंतोतंत, तोच थर, तसल्याच पेशी. मी रिपोर्टही जवळजवळ तोच लिहिला. वर्ष सरायच्या आत रोग त्यांच्या हाडात पोचला आणि त्या गेल्या. नंतर दोघांच्या काचा शेजारी शेजारी ठेवून मी पुष्कळ वेळा पाहिल्या. मला फरक सापडला नाही.

फरक होता, पण तो डोळ्यांना दिसणारा नव्हता. पेशीच्या आत, वाढायचं कधी आणि थांबायचं कधी, याच्या सूचना असतात. ती जनुकं. मूत्राशयाच्या गाठीत एफजीएफआर-३ नावाचं जनुक बिघडलेलं असेल तर गाठ पुन्हा पुन्हा उगवते, पण बहुधा वरच्या वर राहते. टीपी-५३ नावाचं जनुक म्हणजे पेशीचा ब्रेक. तो निकामी झालेला असेल तर गाठ खोल घुसायची भीती जास्त. अशा आणखीही खुणा आहेत. मी फार ढोबळ सांगतेय, जाणकारांनी माफ करावं. माझ्या नोकरीधंद्याच्या शेवटच्या वर्षांत या खुणा तपासून देणाऱ्या मोठ्या लॅब निघाल्या. कोल्हापुरातनं मेणाचा ब्लॉक पाठवायचा, त्यांनी त्यातलं जनुकांचं गणित मांडून कळवायचं. मला आनंद झाला. एक अडचण मात्र राहिली. त्या रिपोर्टातल्या प्रत्येक वाक्यात 'बहुधा' असायचं, आणि नातेवाईक वाचायला लागले की तेवढा शब्द गाळून वाचायचे.

भूपालअण्णा या काळात आले. नाव मी बदललंय, बाकी सगळं तसंच आहे. जयसिंगपूरचे जैन गृहस्थ, सत्तरीच्या घरातले. थोडी शेती, तंबाखूचा व्यापार सोडून आता बारदानाचं दुकान, आणि ते मुलाच्या, महावीरच्या, हातात. यूरोसर्जन डॉक्टर देसायांनी त्यांची गाठ खरवडून माझ्याकडं पाठवली होती. मी लिहिलं, दांडगी गाठ, मधल्या थरात शिरलेली, स्नायू अजून मोकळा. म्हणजे नेमकी ती डोकेदुखी.

अशा वेळी दोन रस्ते असतात. एक म्हणजे मूत्राशय ठेवायचं, त्यात क्षयाची लस पुन्हा पुन्हा सोडायची आणि लक्ष ठेवायचं. क्षयाची लस मूत्राशयात कशाला, असं सगळेच विचारतात. तिच्यामुळं शरीराची स्वतःची फौज तिथं चवताळून उठते आणि उरलासुरला कॅन्सर मारते. दुसरा रस्ता म्हणजे आत्ताच मूत्राशय काढून टाकायचं आणि लघवीसाठी पोटावर कायमची पिशवी लावायची. पहिल्या रस्त्यात उशीर व्हायची भीती, दुसऱ्यात पिशवी. आतड्याचं नवं मूत्राशय करून बसवतात, पण अण्णांच्या किडन्या कमजोर, त्यांना ते चालणार नव्हतं. देसाई म्हणत होते, काढू या. अण्णा हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात.

एके दुपारी ते स्वतःच जिना चढून आले, मागून महावीर. स्वच्छ धोतर, टोपी, कपाळावर गंध. खुर्चीवर न बसता म्हणाले, "माझा तुकडा तुमच्याकडं हाय म्हणं. बघाय मिळंल का?"

पेशंटनी स्वतःची स्लाइड बघायला मागणं हे माझ्याकडं क्वचितच घडलं होतं. मी काच लावून दिली. टोपी मागं सरकवून ते बराच वेळ बघत राहिले.

"हे जांभळं जांभळं, त्येच व्हय?"

"तेच."

"दिसाय तर नक्षीवाणी हाय की," अण्णा म्हणाले आणि मग बसले.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. वयात आल्यापासून ते रोज सकाळी बस्तीत जात आले होते. बस्ती म्हणजे आमच्या भागातलं जैन मंदिर. आंघोळ करून, सोवळं नेसून गाभाऱ्यात जायचं आणि भगवंतांच्या मूर्तीवर अभिषेक करायचा. लग्नाच्या दिवशी चुकला नाही, वडील गेले तेव्हा सुतकाचे दिवस तेवढे राहिले. "आता पोटावर मुताची पिशवी बांधून मी देवाला हात लावू?" असं त्यांनी मलाच विचारलं.

महावीर मधेच म्हणाला, "अण्णा, ती पॅक असती. कुणाला कळतसुदिक न्हाय. बस्तीतलं उपाध्ये पण म्हणालं, चालतंय."

"मला कळतंय की," अण्णा म्हणाले.

मी श्रद्धाळू बाई नाही. पण आपण नाही म्हणून दुसऱ्याचं हसावं, असंही मला कधी वाटलेलं नाही. त्यांना जगायचं होतं आणि गाभाऱ्यातही जायचं होतं, आणि दोन्ही मिळेलच असं कुणी सांगू शकत नव्हतं. मी जनुकांच्या तपासणीचं सुचवलं. बरी खूण निघाली तर मूत्राशय ठेवायची हिंमत करता येईल. वाईट निघाली तर देसायांचं ऐकावं. 'बहुधा' हा शब्द मी तेव्हा तीन-चार वेळा तरी उच्चारला असेल. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग त्येच इचारा तुकड्याला. तो सांगंल तसं करू."

ब्लॉक ही पेशंटची वस्तू. सही घेऊन आम्ही ती नातेवाइकांच्या हाती देतो आणि ते ती मोठ्या लॅबच्या इथल्या केंद्रात पोचवतात. मी कागदात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या लहान डबीत घालून ब्लॉक महावीरला दिला आणि सांगितलं, मेण आहे, उन्हात ठेवू नका. अण्णांच्या सगळ्या तुकड्यांत कॅन्सर भरपूर असलेला ब्लॉक हा एवढाच होता.

पुढचं मला महावीरकडूनच कळलं. तो केंद्रावर गेला तोवर ते बंद झालेलं. दुसऱ्या दिवशी महावीर जयंती, सुट्टी. डबी घेऊन तो जयसिंगपूरला घरी गेला. दारातच त्याच्या आईनं, पद्माक्कांनी, विचारलं की हातात काय आहे. या घरात सूर्य मावळल्यावर चूल पेटत नाही, कांदा-बटाटा उंबऱ्याच्या आत येत नाही. महावीरनं खरं ते सांगितलं, अण्णांच्या पोटातला तुकडा आहे.

"म्हंजे मांसच की," पद्माक्का म्हणाल्या. "अण्णांचं असू दे न्हाईतर कुणाचं. उद्या भगवंतांची जयंती हाय. घरात आणायचं न्हाय."

दुकानात ठेवावं तर तिथंही देवाचा फोटो. मग महावीरनं डबी गाडीत, समोरच्या काचेमागं डॅशबोर्डवर ठेवली. दुसऱ्या दिवशी मिरवणूक होती. गाडी बस्तीसमोरच्या पटांगणात उभी करून तो दिवसभर पालखीच्या मागं फिरला. चैत्रातलं ऊन आणि बंद गाडी. संध्याकाळी दार उघडलं तर पुठ्ठा मेणानं भिजून पारदर्शक झालेला, त्यातून मेण डॅशबोर्डवर ओघळून पसरलेलं. आणि डॅशबोर्डच्या मधोमध पार्श्वनाथांची छोटी संगमरवरी मूर्ती चिकटवलेली होती, जैनांच्या गाड्यांतून असते तशी; रोजच्या सवयीनं ती महावीरच्या ध्यानातच आली नव्हती. ओघळ तिच्या पायथ्याशी जाऊन थिजला होता. मांस घरात नको म्हणून बाहेर ठेवलं, ते थेट भगवंतांच्या पायाशी.

महावीर दुसऱ्या दिवशी लॅब उघडायच्या आधी जिन्यात बसलेला होता. हातात स्टीलचा डबा. उलथन्यानं खरवडून त्यानं सगळं त्यात भरलं होतं, मेण, पुठ्ठ्याचे तुकडे, डॅशबोर्डवरची धूळ, एक वाळलेली झेंडूची पाकळी. पोरगा चाळिशीचा, पण चेहरा शाळेत मार खाल्लेल्यासारखा. "आईला सांगू नका," एवढंच म्हणाला.

मी चिडले होते आणि चिडलेली दिसतही होते. पण मेण पुन्हा वितळवता येतं, हे बरं असतं. आम्ही डब्यातला माल गरम करून गाळला आणि चिमट्यानं एकेक कण वेचला. तांदळातले खडे वेचतात तसं ते काम, फक्त इथं खडे ठेवायचे होते. नवी वडी पाडली, काप काढला. जांभळी नक्षी होती तशीच होती. पेशींच्या कडा थोड्या करपलेल्या, तरी काम भागेल अशा. या वेळी ब्लॉक मी माझ्या माणसाबरोबर थेट पाठवला.

तोवर अण्णांना सगळं समजलं होतं. डॅशबोर्ड उलथन्यानं खरवडताना महावीर त्यांच्या नजरेला पडला होता. ते महावीरला घेऊन पुन्हा लॅबमध्ये आले. मला वाटलं, आता प्रायश्चित्त वगैरे काढतील. त्यांनी पाणी मागितलं, गडगडून हसले आणि म्हणाले, "मॅडम, मी पिशवी घिऊन देवाम्होरं कसं जाऊ म्हणत बसलो, आन् माझा रोगच जयंतीच्या दिवशी दिसभर देवापाशी जाऊन बसला की. देवानं काय त्याला उठ म्हटलं न्हाय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. रिपोर्ट वाईट आला तर काढू द्या आतली पिशवी. लावू द्या दुसरी."

महावीरनं माझ्याकडं बघून सुस्कारा सोडला. घरचे इतके दिवस डोकं फोडून जे करू शकले नव्हते ते त्या मेणाच्या ओघळानं केलं होतं. मलाही हलकं वाटलं.

रिपोर्ट आला तो वाईट होता. ब्रेक निकामी, बरी खूण एकही नाही. खाली नेहमीचं वाक्य होतं, गाठ पुढं जाण्याचा धोका बहुधा जास्त. देसायांनी तो अण्णांना वाचून दाखवला. अण्णांनी ऑपरेशनला होकार दिला आणि त्या दिवसापर्यंत रोज अभिषेक केला.

मग ते मूत्राशय माझ्याकडं आलं. पूर्ण अवयव येतो तेव्हा कामही पूर्ण करावं लागतं. मी ते उघडून पसरलं. जिथून गाठ खरवडली होती तिथं रुपयाएवढा पांढुरका व्रण होता, बाकी अस्तर गुळगुळीत. व्रणातून तुकडे घेतले, सगळ्या बाजूंनी घेतले, काचा बघितल्या. काही नाही. अजून तुकडे घेतले. काही नाही. टेक्निशियन वैतागली, पण मी तो व्रण सगळाच्या सगळा मेणात घालायला लावला आणि शेवटची काच बघून झाली तेव्हाही कॅन्सरची एक पेशी सापडली नाही. असं होतं, क्वचित होतं. पहिल्या खरवडण्यातच सगळं निघून गेलेलं असतं.

मी लिहिलं, कॅन्सर आढळला नाही. देसायांना फोन केला तर ते खूश. सर्जनच्या दृष्टीनं याहून चांगली बातमी नाही, रोग संपला, माणूस वाचला. ते चूक म्हणत नव्हते. पण फोन ठेवल्यावर मी त्या काचा पुन्हा एकदा बघितल्या. मला वाईट वाटत होतं, आणि कामात मला सहसा वाटत नाही.

टाके सुकल्यावर तिघंही आले, अण्णा, पद्माक्का आणि महावीर. महावीरच्या हातात माझा रिपोर्ट होता. त्यानं बहुतेक वाटेत तो कुणाला तरी वाचायला दिला असावा, कारण त्यानं सरळ विचारलं, "ह्यात कॅन्सर न्हाय असं लिवलंय. म्हंजे काढायला नको हुतं काय?"

मी सांगायचा प्रयत्न केला. ती खूण तुमच्यासारख्या पुष्कळ लोकांकडं बघून काढलेली असते. तसल्या पुष्कळांचं पुढं वाईट झालेलं असतं, काहींचं होत नाही. अण्णा कुठल्या बाजूचे होते, ते मूत्राशय आत राहिलं असतं तरच कळलं असतं. कदाचित पुढच्या वर्षी रोग उलटला असता. कदाचित कधीच नाही.

"म्हंजे तुम्हाला ठावं न्हाय," महावीर म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

"नाही," मी म्हटलं. "कुणालाच नाही."

पद्माक्कांनी त्याला हातानं थांबवलं. त्या म्हणाल्या, "ते जाऊ द्या हो मॅडम. माणूस हाय, बास झालं. पण ह्यांना एक सांगा तुम्ही. हे बस्तीत जात्यात आन् भाईरच उभारत्यात. आत जात न्हाईत. मी रोज ह्या हातानं ती पिशवी मोकळी करते, धुते, मग आंघूळ करून ह्याच हातानं नैवेद्य करते. माझं चालतंय, आन् ह्यांचं चालंना?"

मी अण्णांकडं बघितलं. "तुम्हीच तर म्हणाला होता, देवानं तुकड्याला उठ म्हटलं नाही."

"म्हणालतो," अण्णा म्हणाले. "बोलाय सोपं हुतं, मॅडम. सोवळं नेसलं, कळशी घेटली, उंबऱ्यापातूर गेलो. पाय उचलंना."

पिशवीत रोगाचं काही नाही, असं मी म्हणाले. "रोगाचं न्हवतंच कधी," ते म्हणाले, आणि नमस्कार करून उठले. जिना उतरताना महावीरनं त्यांचा दंड धरला होता, पण त्याच्या चेहऱ्यावरचा राग काही उतरला नव्हता. होकारासाठी सगळ्यात जास्त मागं लागलेला तोच होता.

पुढं मी लॅब बंद केली. मागच्या वर्षी आमच्या जुन्या टेक्निशियनच्या मुलीचं लग्न जयसिंगपूरला होतं. सकाळची वेळ, हॉल बस्तीला लागूनच. मंत्र ऐकू आले म्हणून मी आत डोकावले. अण्णा गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभे होते, सोवळं नेसलेले, धोतर पोटावर जरा फुगलेलं, तब्येत चांगली दिसत होती. आत मूर्तीपाशी कळशी घेऊन महावीर. हा गडी पूर्वी उन्हं वर आल्याशिवाय उठायचा नाही, हे त्याच्या आईनंच मला सांगितलं होतं. अण्णा बाहेरून हळू आवाजात त्याला सांगत होते, कुठं ओतायचं, किती, कुठं थांबायचं. सांगताना त्यांचा स्वतःचा हात ओतल्यासारखा कलत होता.

मला बघून ते दोन पावलं मागं आले. इकडचं तिकडचं झालं, किडन्या, पाऊस, लग्न. मग म्हणाले, "एक इचारू? आता लई नव्या टेस्ट निघाल्यात म्हणं. माझा त्यो मेणाचा तुकडा अजून ठेवलाय व्हय?"

"ठेवलाय," मी म्हटलं. लॅब बंद करताना सगळे ब्लॉक मी दुसऱ्या लॅबकडं सोपवले होते.

"त्यातनं आता तरी कळंल का? काढायला पायजे हुतं का नको हुतं?"

मी थोडा विचार केला, कारण त्यांना उडवून लावायचं नव्हतं. खुणा वाढल्यात, गणित बरंच सुधारलंय. पण ज्या मूत्राशयाचं पुढं काय होणार होतं असं विचारायचं, ते आता नाही. "नाही अण्णा," मी म्हटलं. "कधीच कळणार नाही."

त्यांनी मान हलवली. निराश झाल्यासारखे दिसले नाहीत.

"बरं हाय," ते म्हणाले. "नको हुतं असं कळलं असतं तर ह्या पोरावर राग धराय लागला असता, न्हाईतर तुमच्यावर. राग घिऊन हितं कसं उभारायचं?"

आतून महावीरनं विचारलं, "अण्णा, झालं का?"

"न्हाय अजून," अण्णा उंबऱ्याकडं वळत म्हणाले. "डाव्या खांद्यावर वत. सावकाश."